कोड बालीत, सिलिंडर दारात

कॉलनीतलं कुणी परदेशी फिरायला निघालं की मला घाम फुटतो. विमानाची काळजी नसते, विमानं उतरतात. व्हिसाचीही नसते. काळजी असते ती त्यांच्या गॅसची.

मागे एकदा भर दुपारी साडेबाराला गॅसवाला दारात. सिलिंडर आमचा नव्हता, समोरच्यांचा. समोरचे बालीला, किल्ली माझ्याकडे. आल्या आल्या चहाला गॅस हवा म्हणून माना विमानतळाकडे निघता निघता बुकिंग करून गेलेले, पैसेही भरलेले. मी कुलूप काढलं, बाजूला झालो, म्हटलं ठेव बाबा आत. तो ठेवेना. 14.2 किलो गॅस आणि जवळजवळ तेवढंच लोखंड खांद्यावर तोलत तो शांतपणे म्हणाला, "कोड बता दव, कका."

डिलिव्हरीचा कोड साहेबांच्या मोबाइलवर आणि साहेब बालीत, असं सांगितलं. त्याला ऐकू आलं बालोद, इथलं छत्तीसगडातलं. "त फोन लगा लव ना, बालोद कतका दुरिहा हे!"

लावला. व्हिडिओ कॉलच लावावा लागतो, कारण सुट्टीवरचा माणूस साधा फोन उचलत नाही. उचलला तर समुद्र वाया जातो. तिकडे दुपारचे तीन वाजलेले. पडद्यावर आधी एक अंगठा आला, मग आभाळ, मग एक नाकपुडी आणि मग तो प्रश्न.

"काका, दिसतोय का?"

"अरे, तो कोड..."

"समुद्र हो! थांबा, मागचा कॅमेरा लावतो. आता? आता दिसतोय? काकूंना बोलवा ना."

काकू पोळ्या टाकून आल्या. काकूंनी समुद्र पाहिला. काकूंना वहिनींची टोपी दाखवण्यात आली, टोपीची किंमत तिकडच्या रुपयांत लाखात सांगण्यात आली, नारळ दाखवण्यात आला. एवढ्यात गॅसवाल्यानेही सिलिंडर उंबऱ्यावर टेकवून माझ्या खांद्यावरून समुद्र पाहून घेतला. "बने हे," म्हणाला. मग मला म्हणाला, "अउ कोड?"

कोड शोधायचा म्हणजे मेसेज उघडायचे आणि मेसेज उघडले की समुद्र थिजतो. थिजलेल्या समुद्रातून आवाज येत राहिला. पहिला आकडा त्याने वाचला तो बँकेचा निघाला. दुसरा रोमिंग पॅक संपत आल्याचा इशारा होता, त्यात आकडे भरपूर होते. तिसरं कुणीतरी त्याला घरबसल्या कर्ज देत होतं. खरा कोड कुठेतरी या सगळ्यांच्या खाली दबला होता. सापडेपर्यंत गॅसवाल्याने आमच्याकडे पाणी मागितलं, प्यायलं आणि जिन्यात बसून डबा उघडला.

आता या कोडाचा प्रवास बघा. सिलिंडर गोदामातून आमच्या दारात आला, काही किलोमीटर. कोड इथल्याच कुठल्यातरी यंत्रातून निघाला, समुद्राखालच्या तारांतून सुमारे पाच हजार किलोमीटर जाऊन बालीच्या वाळूत उतरला, तिथून तोंडी, वाऱ्याच्या घोंघाटासकट, पुन्हा पाच हजार किलोमीटर येऊन माझ्या कानात पडला आणि शेवटचा दीड फूट मी तो गॅसवाल्याला ओरडून सांगितला. एका उंबऱ्यावरून सिलिंडर आत जावा म्हणून दहा हजार किलोमीटर.

आणि गंमत म्हणजे फोन बालीला गेलेलाच नसतो. जातो तो माणूस. भारतातलं सिम रोमिंगवर टाकून तिकडे इंटरनेट वापरलं की बहुतेक वेळा सगळी वाहतूक आधी इकडे मायदेशी येते आणि इथून जगात जाते. म्हणजे हा गृहस्थ बालीतल्या बाजारात उभा राहून दोन गल्ल्या पलीकडची शाकाहारी खानावळ शोधतो, तर ती चौकशी समुद्र ओलांडून भारतात येते, उत्तर घेते आणि परत जाते. तोवर हा उपाशी उभा. रायपूरहून बालीला जायचं तर आधी मुंबई नाहीतर कोलकाता गाठा, मग पुढचं विमान, एवढे हाल सोसून देह तिकडे नेला, पण सिम काही जयस्तंभ चौक सोडायला तयार नाही. तेलीबांधा तलावाच्या काठच्या रस्त्याला मरीन ड्राइव्ह म्हणणारी माणसं आपण. आपल्याला बेट हवंच होतं तर बूढा तलावात एक आहे, बागेसकट. तिथे रोमिंग लागत नाही आणि गॅसवाल्याला हाक मारली तर तोच येऊन कोड घेऊन जाईल.

बालीचे लोक फोनच्या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणे आहेत असं मी म्हणणार होतो. त्यांचं नवं वर्षही शकाचंच, आकडासुद्धा आपल्या शालिवाहन शकाचाच. मात्र आपण पाडव्याला गुढी उभारून सकाळी सहापासून शुभेच्छांचा भडिमार करतो आणि ते त्यांच्या पाडव्याला न्येपी पाळतात. पहाटे सहा ते दुसऱ्या दिवशी पहाटे सहा सगळं चिडीचूप: दिवे नाहीत, रस्त्यावर माणूस नाही, विमानतळसुद्धा बंद. 2018 पासून त्या दिवशी मोबाइलचं इंटरनेटही बंद ठेवू लागले. 2023 साली न्येपी आणि पाडवा दोन्ही 22 मार्चला आले, शके 1945 एकाच दिवशी दोन्हीकडे सुरू झालं आणि नेमकं आमच्या मागच्या गल्लीतलं एक जोडपं तिकडे होतं. इकडून गुढ्यांचे फोटो गेले, श्रीखंडाचे गेले, कडुनिंबाच्या पाल्याचे गेले. सगळ्यांवर एकच करडी टिक. दहा वाजेपर्यंत नातेवाइकांनी भूकंप ठरवला, बारापर्यंत ज्वालामुखी. एका आत्याबाईंनी दूतावासाचा नंबर मिळवला. साधा फोन लावला असता तर लागला असता, कारण बंद होतं ते फक्त इंटरनेट, पण साधा फोन नावाची सोय पृथ्वीवर शिल्लक आहे हे त्या घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. संध्याकाळी त्या जोडप्याला हॉटेलच्या कोपऱ्यात वायफायचा एक धागा सापडला. लगेच व्हिडिओ कॉल. रायपुरात अठरा माणसं एका पडद्याभोवती. पडदा काळा. कारण न्येपीच्या रात्री तिथे दिवा लावत नाहीत. त्या मिट्ट काळोखातून आवाज आला, "दिसतंय का?" आत्याबाई म्हणाल्या, काहीच दिसत नाही. "तेच तर दाखवतोय!"

हसून झालं असेल तर तळमजल्यावर चला. तिथे एक आजी राहतात, वय ऐंशीच्या पुढे, एकट्या. मुलगा न्यू जर्सीला. त्याने जाताना चांगल्या बुद्धीने गॅस, वीज, बँक सगळीकडे स्वतःचा नंबर टाकला, कारण आईला फोनमधलं कळत नाही. आता आजींचा सिलिंडर दुपारी बाराला येतो तेव्हा उन्हाळ्यात तिकडे रात्रीचे अडीच वाजलेले असतात. कोड येतो मुलाच्या उशाशी. मुलगा झोपलेला. गॅसवाला पाच मिनिटं थांबतो, दहा मिनिटं थांबतो, त्यालाही पुढचे वीस सिलिंडर पोचवायचे असतात, "का करबो दाई, ऊपर ले आदेश हे" म्हणतो आणि सिलिंडर पुन्हा खांद्यावर घेऊन जातो. पैसे भरलेले, बाई समोर उभी, चूल थंड, आणि सिलिंडर परत! ज्या घरात चाळीस वर्षं ही बाई राहते तिथे ती आहे याचा पुरावा साता समुद्रापार झोपलेला. काळाबाजार थांबवायला कोड आणला म्हणतात. थांबला असेल. आजींच्या चहाचा काळाबाजार नक्की थांबला. ही योजना ज्यांनी आखली त्यांच्या घरी सिलिंडर कोण उतरवून घेतं हे मला एकदा बघायचंय. ते स्वतः नक्कीच नाही. त्यांना हे ठाऊकच नसावं की घरात माणूस एक, फोन दुसऱ्याकडे आणि भूक तिसऱ्याला, असंही असतं. आणि ऑनलाइन विचारायला जावं तर तक्रार नोंदवण्यासाठी बहुधा आधी काय लागतं? नोंदणीकृत नंबरावर आलेला ओटीपी.

कॉलनीने यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. गॅसला माझा नंबर. आजींनी टाकला, समोरच्यांनी बालीहून परतल्यावर टाकला, तिसऱ्या मजल्यावरचे दिवाळीत फुकेतला निघालेत, त्यांनी आत्ताच टाकून ठेवला. माझ्या फोनवर आता निम्म्या इमारतीची चूल पेटते. गॅसवाला खालूनच हाक मारतो, मी गॅलरीतून आकडे ओरडतो.

मध्यंतरी आमच्या हिने अंदमानचा विषय काढला. मी म्हटलं, जाऊ की, पण आजींचा सिलिंडर वीस तारखेच्या सुमाराला येतो, समोरच्यांचा पाच-सहाला, मधल्या मजल्याचा भरवसा नाही; तेव्हा जमलं तर दहा ते तेरा. जिन्यातून जाणाऱ्या तिसऱ्या मजल्यावरच्यांनी हे ऐकलं. थांबून म्हणाले, "बिनधास्त जा, काका. 2020 सालीच चेन्नईहून समुद्राखालून तार गेलीय तिकडे. नेटवर्कची आम्हाला काही अडचण यायची नाही."