गुरुजी, तेवढं शिकवायचं राहिलं

शिक्षण हक्क कायदा, 2009 चे कलम 27 शिक्षकांना अशैक्षणिक कामांना जुंपण्यास मनाई करते. अपवाद फक्त जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. कायदा दूरदर्शीच म्हणायचा: ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंतच्या निवडणुका आणि त्यांच्या मतदारयाद्या धरल्या, की अपवादातच वर्ष सरते. उरल्या वेळात यू-डायस या प्रणालीत शाळेची माहिती भरायची, खिचडीच्या तांदळाचा हिशेब ठेवायचा. सरकारी पगार घेता, मग थोडे देशकार्य केले तर बिघडले कुठे, असा सवाल येतो. बिघडत काहीच नाही. फक्त द्विशिक्षकी शाळेतले एक गुरुजी मतदारयादी घेऊन निघाले, की निम्मा शिक्षकवर्ग रजा न घेताच गैरहजर होतो आणि चारही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. मुलांना वाचता येत नाही असे आढळले, की चौकशी मात्र शिकवण्याचीच होते.