दुसरा भाग पुण्यात असतो

‘पहिला भागच चांगला होता’ हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं म्हणतो आहे आणि म्हणताना मान किंचित डावीकडे कलती करतो. गाण्यातले जाणकार ‘बुवांची जुनी बैठक ऐकायला हवी होती’ म्हणताना करतात तशी. परवा भाचा आणि त्याचा मित्र ‘इन्फेमस’ सरस की ‘इन्फेमस २’ यावर हमरीतुमरीवर आले होते. दोघांनीही दोन्ही गेम फक्त यूट्यूबवर पाहिलेले. मी मान कलती केली आणि निकाल दिला. भाच्यानं विचारलं, “मामा, तू दुसरा पूर्ण खेळलायस का?”

प्रश्न उद्धट होता. शिवाय अडचणीचा होता. दुसरा भाग मी उभ्या आयुष्यात चाळीस मिनिटं खेळलो आहे आणि त्यातली दहा मिनिटं हिरोला एका खांबावरून खाली उतरवण्यात गेली. पण जाणकारांना असे प्रश्न विचारायचे नसतात. मी म्हणालो, “पूर्ण खेळायची गरजच पडली नाही.”

पहिला गेम असा. कोल नावाचा एक कुरिअरवाला पोरगा पार्सल पोचवायला जातो, पार्सल फुटतं, आख्खा मोहल्ला उडतो आणि पोरगा जिवंत राहतो, वर त्याच्या अंगात वीज शिरते. मग तो बोटांतून वीज फेकतो, तारांवरून घसरत जातो, सहा मजली इमारत खिडक्या धरून चढतो. सगळं शहर त्याला मोकळं, हवं तिकडं हिंडावं. मात्र तीन पथ्यं आहेत. गाडीत बसायचं नाही, स्फोट होतो. खोल पाण्यात पडायचं नाही, मरतो. आणि अंगातली वीज संपली की रस्त्यावरच्या दिव्यातून, डीपीतून ओढून भरून घ्यायची. ज्या भागात वीज गेलेली असेल तिथं तो तुमच्या-आमच्यासारखाच.

हा गेम निघाला मे २००९ मध्ये. त्या मे महिन्यातलं सोलापूर ज्यांना आठवतं त्यांना पुढचं सांगायला नको. पाण्यात पडून मरायची कोलला आमच्याकडं काडीची भीती नव्हती, कारण पाणी चार दिवसांआड यायचं. पण दुपारच्या लोडशेडिंगमध्ये त्याला दत्त चौकातून सात रस्त्यापर्यंत चालतच जावं लागलं असतं, तेही सावली धरून.

मराठीत तीन लिंगं कशासाठी ठेवली आहेत, हा प्रश्न परगावच्या पोरांना पडतो. आमच्या गल्लीत तो कुणाला पडला नाही. कुणी ‘आली!’ ओरडलं की लाइट. ‘आलं!’ ओरडलं की पाणी. ‘आला!’ ओरडलं की टँकर. झोपेतसुद्धा माणूस प्रत्यय ऐकून उठायचा. ‘आली’ला कूस बदलायचा, ‘आलं’ला हंडा घ्यायचा आणि ‘आला’ला चप्पल न घालता पळायचा. व्याकरणाची एवढी कडक परीक्षा कुठल्या बोर्डानं घेतलेली नाही.

प्लेस्टेशन माझं नव्हतं. ते दोस्ताचं. पूर्व भागात त्याचं घर, खाली यंत्रमागाचा कारखाना, वर दोन खोल्या आणि त्यावर गच्ची. खाली टर्किश टॉवेल विणले जात आणि मागांची खटखट भिंतीतून, जमिनीतून, चहाच्या कपातून वर यायची. टीव्ही जुना, पोटाळा. त्यावर गेममधली बारीक अक्षरं मुंग्यांसारखी दिसत, त्यामुळे मिशनमध्ये नेमकं काय करायचं आहे हे आम्ही बरेचदा अंदाजानंच ठरवलं.

लाइट गेली की आधी पडदा काळा व्हायचा. मग खालचे माग एकेक करत थांबायचे आणि त्या शांततेनं कानात शिट्टी वाजायची. आम्ही शिव्या घालायचो, कारण सेव्ह झालेलं नसायचं. खाली कामगार दारात येऊन बसायचे. त्यांची मजुरी नगावर. माग थांबला की नग थांबला. त्यांना शिव्या घालताना मी कधी ऐकलं नाही. ते तंबाखू मळत बसायचे आणि तारेकडं बघायचे.

दोस्ताच्या वडिलांना तो नान्ना म्हणायचा, म्हणून आम्हीही नान्नाच म्हणायचो. एकदा ते वर आले. पडद्यावर कोल जमिनीखालच्या गटारात उतरून बंद पडलेलं वीजकेंद्र सुरू करत होता. या गेममध्ये ते काम त्याला वारंवार लागतं. एकेका वस्तीचे दिवे पेटत गेले.

“हे पोरगं काय करतंय?” नान्नांनी विचारलं.

“गेलेली लाइट परत आणतंय, नान्ना.”

“एकटंच?”

“एकटंच.”

“पगार किती?”

“पगार नाही.”

नान्ना थोडा वेळ बघत राहिले. “मग आपल्याकडं बोलवा की त्याला. दोन वेळचं जेवण घालू.”

आता थोडं पाण्याबद्दल. विषय गेमचा आहे हे मला माहीत आहे, पण सोलापूरकराला पाण्यावर बोलू न देणं म्हणजे कोल्हापूरकराला रश्श्यावर बोलू न देणं. शिवाय याचा गेमशी संबंध आहे. या गेममध्ये कर्म आहे. शब्द आपला, ‘कर्मा’ करून त्यांनी वापरला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू गावात बसून ‘सकर पंच’ नावाच्या कंपनीनं ज्ञानोबा-तुकोबांच्या मुलखातल्या माणसाला कर्म शिकवायचं, हे मला आधी फार लागलं. पण त्यांची व्यवस्था आपल्यापेक्षा चोख. आपल्याकडं हिशेब पुढच्या जन्मी. त्यांच्याकडं पडद्याच्या कोपऱ्यात मीटर. चांगलं वागलात, वीज निळी. वाईट वागलात, वीज लाल. सुरुवातीलाच एक प्रसंग येतो: उपाशी शहरावर अन्नाची गाठोडी वरून टाकली जातात. ती लोकांना वाटायची, की लोकांना झटके देऊन सगळी आपणच ठेवायची?

आता हेच आमच्या गल्लीत आणा. उजनी शंभरेक किलोमीटरवर. धरणाची क्षमता ११७ टीएमसी, म्हणजे नाव काढलं की माणूस उगाच तृप्त होतो. तिथून नळानळानं पाणी निघतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी आमच्या गल्लीत पोचतं तेव्हा पायऱ्या चढून आलेल्या म्हाताऱ्यासारखं धापा टाकत असतं. आधी नळ खोकतो. मग हवा सोडतो. मग करंगळीएवढी धार. या क्षणी प्रत्येक घराच्या कोपऱ्यात एक मीटर पेटतं: नळाला मोटर लावायची की नाही? लावली तर आपली टाकी वीस मिनिटांत भरते आणि पुढच्या चार घरांचे नळ नुसते सुस्कारे टाकतात. सगळ्यांना मोटर वाईट हे मान्य. सगळ्यांकडं मोटर आहे. आमचीही होती, गोणपाटात गुंडाळलेली, वर कुंडी. मी कॉलेजात ‘सार्वजनिक नीतिमत्ता’ या विषयावर वक्तृत्वात दुसरा आलो, त्या दिवशी सकाळी त्याच मोटरीच्या पाण्यानं आंघोळ करून गेलो होतो. शेजारच्या काकू तेव्हा रिकामी घागर घेऊन आमच्याच दारात, “तुमच्याकडं आलं का हो?” म्हणून विचारत होत्या, आणि आई “येतंय थोडंथोडं” म्हणत होती. थोडंथोडं! आत टाकी वाहत होती. बरं, नंतर आईनंच काकूंना दोन घागरी भरून दिल्या. म्हणजे आधी लाल, मग निळं.

आणि गेमची गंमत इथेच आहे. त्यात पूर्ण सज्जन झालात तर शक्ती मिळतात, पूर्ण दुर्जन झालात तरी मिळतात. अधेमधे राहिलात तर काही मिळत नाही. मोटर लावून दोन घागरी वाटणाऱ्यांसाठी त्यात सोयच नाही. आख्ख्या मध्यमवर्गाच्या तोंडाला बेलव्ह्यूवाल्यांनी अशी पानं पुसली.

दुसरा भाग आला जून २०११ मध्ये. त्याची सुरुवातच अशी की एक अक्राळविक्राळ संकट कोलचं शहर धुळीला मिळवतं, आणि कोल बोटीत बसून दुसऱ्या शहरात जातो. नवं शहर न्यू ऑर्लिन्सवर बेतलेलं. बाल्कन्या, झाडं, बाजूला दलदल, एका वस्तीत पुराचं पाणी. हिरोचा आवाज बदलला. चेहराही बदलणार होता, पण आधीच्या चाहत्यांनी एवढा गिल्ला केला की कंपनीला तो पुन्हा जुन्यासारखा करावा लागला.

याच सुमाराला दोस्ताला हिंजवडीत नोकरी लागली. सोलापुरातल्या माणसाचा दुसरा भाग पुण्यात असतो, हे आमच्याकडं गृहीतच आहे. १२ जानेवारी १९३१ ला आमच्या गावचे चार हुतात्मे येरवड्याला फासावर गेले. त्यांच्या नावाची हुतात्मा एक्स्प्रेस रोज सकाळी आमची पोरं पुण्याला नेऊन सोडते. दोस्ताबरोबर मीही जाणार होतो. एक खोली, दोन गाद्या, एक प्लेस्टेशन, असं गच्चीवर ठरलं होतं. मग मला इथंच एका शाळेत चिकटायला मिळालं आणि मी, “तू हो पुढं, मी बघतो,” म्हणालो. त्याला स्टेशनवर सोडायलाही गेलो नाही. त्या सकाळी पाणी होतं.

नान्नांनी माग विकले. घेणाऱ्यानं ते टॉवेल विणणारं यंत्र म्हणून घेतले नाहीत, भंगार म्हणून किलोवर घेतले. वजन होताना नान्ना काट्याकडं बघत होते. काटा बरोबर आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं. त्या घरात आता लाइट गेली तरी काही थांबत नाही.

दोन वर्षांनी पुण्याला दोस्ताच्या फ्लॅटवर मी दुसरा भाग खेळलो. मोठा सपाट टीव्ही, अक्षर न् अक्षर स्वच्छ. कोल आता खिडक्यांना उगाच चिकटत नव्हता. खांबाला धरलं की सर्रकन वर फेकला जात होता. बर्फ होता, आग होती, बोटातून चक्रीवादळ निघत होतं. आणि लाइट जातच नव्हती. पुणेकरांनी २००६ मध्येच थोडे जादा पैसे मोजून लोडशेडिंगमधून सुटका करून घेतली होती. ते असलं काही आम्हाला आधी सांगत नाहीत. चाळीस मिनिटं सलग खेळून मी कंट्रोलर खाली ठेवला, मान डावीकडे कलती केली आणि म्हणालो, “पहिला चांगला होता.”

“तू पहिला कधी खेळलास बे?” दोस्त म्हणाला.

मी हसलो. मग हसू थांबलं. खरंच, कंट्रोलर त्याच्या हातात असायचा. मी शेजारी लोडाला टेकून, शेंगा खात, “डावीकडं बघ, वर बघ, मार बे त्याला” करत असायचो. एवढी वर्षं मी सगळ्यांना सांगत होतो, मी असा चढलो, मी असा उडालो. गेममध्ये झीक नावाचा कोलचा एक जाडा मित्र आहे. गच्चीवर सोफा टाकून टीव्ही बघत बसतो, काळा चष्मा लावून सल्ले देतो, आपल्यालाही शक्ती मिळावी म्हणून झुरतो आणि ऐन वेळी दोस्ताला सोडून भलतीकडं जातो. मी त्याला फार हसायचो. काळा चष्मा तर माझ्याकडंही होता.

या जानेवारीत दोस्त गड्ड्याच्या यात्रेला आला. होम मैदानावर पाळण्यात बसायचं आता दोघांच्याही पोटाला झेपत नाही, म्हणून रात्री आमच्याकडंच थांबला. पिशवीतून त्यानं जुनं प्लेस्टेशन काढलं. पहिल्या भागात शहरभर लपवलेले ३५० तुकडे गोळा करायचे असतात. आमचे २००९ पासून ३४९ झालेले. भाचा पुढं सरकून बसला. दोस्तानं कंट्रोलर माझ्या हातात दिला. “घे. जाणकार तूच ना.”

हात घामेजला. कोलला मी धक्क्यावर पळवलं, नकाशात एक ठिपका लुकलुकला, मी ओरडलो, उडी मारली आणि थेट समुद्रात गेलो. एक ठिणगी, आणि हिरो संपला.

“मामा,” भाचा म्हणाला, “तू खरंच खेळायचास?”

एवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, “आलं!”

मी हंडा शोधत होतो. चौदा वर्षं पुण्यात राहिलेला माणूस माझ्या आधी जिना उतरत होता आणि खालून विचारत होता, “मोटर अजून कुंडीखालीच आहे का बे?”