बैठकीतील कुक्कुटपालन : स्वच्छताविषयक सूचना

एक दिवसाची 25 वनराजा जातीची पिल्लं घरी आणून फ्रिजच्या रिकाम्या खोक्यात ठेवण्याचा निर्णय घरात कुणालाही न विचारता घ्यावा. विचारल्यास पिल्लं येत नाहीत. खोकं एकदा बैठकीत विराजमान झालं की पुढील नियम सर्वांना बंधनकारक.

तळाशी भाताचं तूस दोन इंच पसरावं. काटकसरी मंडळी नुसतं वर्तमानपत्र अंथरतात. गुळगुळीत कागदावर घसरून पिल्लांचे पाय फाकतात. अग्रलेखावरचा त्यांचा रोखठोक अभिप्राय आपल्याला कितीही पटला, तरी कागद नकोच.

पहिल्या आठवड्यात दिव्याखाली 35 अंश ऊब हवी, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. वीज वाचवायला एलईडी लावणाऱ्यांच्या घरी उजेड भरपूर पडतो आणि पिल्लं गारठतात. गारठलेली पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून बसतात. मग कोण कुणावर शिटलं याची चौकशी करण्यात अर्थ नसतो.

आता मुख्य आरोपी. घाण पिल्लं करत नाहीत, पाणी करतं. पिल्लू भांड्यात आधी पाय देतं, मग तूस उकरून आत उडवतं आणि पाणी पिता पिता मागून आपला वाटा उचलतं. म्हणून भांडं विटेवर ठेवावं. काठ पिल्लाच्या पाठीच्या उंचीला आला पाहिजे. पिल्लं वाढतील तशी वीटही वाढवावी. भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज काढून कोरडं घालावं. हे टाळलंत तर ऊब आणि ओल मिळून शिटीतले कॉक्सिडियाचे जंतू एक-दोन दिवसांत रोग द्यायला तयार होतात आणि रक्ती हगवण सुरू होते. त्यांच्यावर सुगंधी फिनाईल ओतलं तर फक्त बैठकीचा वास बदलतो. ते कोरडेपणाला भितात.

ओल्या तुसातून निघणाऱ्या अमोनियाच्या तपासणीसाठी बाहेरगावच्या आत्याबाईंना निमंत्रण द्यावं. घरच्यांची नाकं सरावलेली असतात, आत्याबाई उंबऱ्यावरच निकाल देतात. त्या येईपर्यंत स्वतः गुडघे टेकून खोक्यात तोंड घालावं. डोळे चुरचुरले तर पिल्लांचे आधीच चुरचुरत असतात. तूस बदला.

रोज सकाळी प्रत्येक पिल्लाची शेपटी उचलून पाहावी. शीट तिथं चिकटून वाळली की वाट बंद होते आणि पिल्लू दगावतं. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस धरून खपली मऊ करावी आणि हळूच पुसून घ्यावी. ओढू नये, कातडी सोलते. मग पिल्लू कोरडं करून दिव्याखाली सोडावं. या वेळी फोन आल्यास काय चाललंय हे सांगायची गरज नाही.

पिल्लांची भांडी स्वयंपाकघरात धुवू नयेत आणि मुलांना पिल्लांचे मुके घेऊ देऊ नयेत. सालमोनेलाला दोन्ही सोयीचं पडतं. हात साबणाने धुवावेत, आत्याबाईंनीसुद्धा.

पिसं फुटू लागली की टीव्हीवर आणि देवघरातल्या तसबिरींवर पांढरी भुकटी बसते. यावर उपाय नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यात अंगभर पिसं आली की पिल्लं बाहेरच्या खुराड्यात जाऊ शकतात, पण त्यासाठी खुराडं असावं लागतं. तेव्हा पिल्लांची मागणी नोंदवाल त्याच दिवशी सुतारालाही आगाऊ पैसे देऊन ठेवा.