खाण बंद होईल तेव्हा बघू

गोव्यात खाण कधी बंद होत नाही, ती विश्रांती घेते. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर 2012 साली तिने एकदा घेतली, सर्वोच्च न्यायालयाने 88 खाण-लिजेस रद्द केल्यावर 2018 साली पुन्हा घेतली. हा बारकावा खाणमालकांच्या फार सोयीचा आहे. 2017 च्या खनिज नियमांप्रमाणे खाण बंद करण्याचा अंतिम आराखडा ती बंद होण्याच्या दोन वर्षे आधी द्यायचा असतो. खाण नुसती विसावली असेल तर ती दोन वर्षे मोजायची कुठून? तोवर खाणीच्या खंदकात साचलेले पाणी कोणाचेच नाही. खरे तर ते गावाचे आहे. डिचोलीतले खनिज भूजलाच्या पातळीखाली जाऊन खणले जाते, म्हणून आधी पंपांनी पाणी उपसले आणि तिथल्या शिरगाव या गावच्या विहिरी आटल्या. पंप थांबताच तेच पाणी झिरपून खंदकात साचले आणि खड्ड्याला बढती मिळून तो जलसाठा झाला. त्यात लोह, मँगनीज आणि खाणमातीच्या ढिगांवरून, म्हणजे डंपवरून, वाहून आलेली माती उतरते. लोह तसे सोशिक. पाण्यात हवा खेळवली की ते तांबूस गाळ होऊन बसते आणि वाळूतून गाळता येते. मँगनीज हट्टी, त्याला रसायन लागते. निघालेला गाळ डंपवर टाकला की पहिल्या पावसात पुन्हा खंदकात, म्हणजे कंत्राटदाराला मरण नाही.

पाणी नुसते लाल आहे, विषारी नाही, असे कोणी म्हणेल. तसे असेल तर दर महिन्याचा तपासणी अहवाल पंचायतीच्या फलकावर लावायला लाज कसली? नळ असताना विहिरी कशाला, हा दुसरा सवाल. नळाचे पाणी आणणाऱ्या तिळारीच्या कालव्याला भगदाड पडते त्या दिवशी तो पेडण्यात विचारून पाहावा. ट्रकवाले आणि बार्जवाले खाणीवर जगले, हे मात्र खरेच. पण 22 नोव्हेंबर 2007 लाच लिजेसची मुदत संपली होती, असे न्यायालयाने 2014 साली ठरवले. पुढची जवळजवळ पाच वर्षे बेकायदा खनिज काढणाऱ्या धंद्याने गाळणीला पैसा नाही म्हणू नये. डिसेंबर 2022 मध्ये डिचोलीचा खाण-ब्लॉक लिलावात वेदांता कंपनीला गेला. जुन्या खंदकात पुन्हा खणायचे तर आधी तो उपसणे आले. त्या उपशाच्या परवानगीतच पाण्याचे मीटर, शुद्धीकरण आणि गाळाची जागा लिहून घ्यावी. अंतिम आराखड्याची वाट कशाला? ब्लॉकच्या नकाशात घरे, देवळे आणि शेते मावली आहेत, तेव्हा परवानगीच्या कागदावर विहिरींसाठी चार ओळी मावायला हरकत नसावी.