बोट सायंकाळी सुटते

विमानाचे नाव न घेता, केवळ आगगाडी, बस आणि बोट यांच्या आधारे लंडनहून अथेन्सास प्रथम कोण पोहोचतो, अशी पैज आमच्यात व आमच्या मेहुण्यांत लागली, तेव्हा तिच्या अटींचा जो रीतसर तहनामा सिद्ध झाला त्यात भाड्याची मोटार वर्ज्य, कोणा दयाळू गृहस्थाच्या गाडीत मिळालेली फुकटची जागा वर्ज्य, आणि अखेरचा मुक्काम सिंटाग्मा चौकात ग्रीक पार्लमेंटासमोर, अशी कलमे होती. पंच म्हणून आमच्या कुटुंबाची नेमणूक झाली. ती मेहुण्यांची सख्खी बहीण असल्यामुळे न्यायासनाच्या निःपक्षपातीपणाविषयी आम्हांस आरंभापासूनच शंका होती. परंतु तिच्या नेमणुकीस हरकत घेण्याची छाती आमच्या घराण्यात कोणासच नाही.

मेहुणे बसचे उपासक, आम्ही आगगाडीचे. आणि आमच्या उपासनेस परंपरेचा आधार होता. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतील फिलिआस फॉग 1872 साली ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला तो माँ सनीच्या बोगद्याने आल्प्स ओलांडून ब्रिंडिसीस, आणि तेथून बोटीने सुएझमार्गे मुंबईस आला. कादंबरी बाजूस ठेवली, तरी विलायतेहून मुंबईस येणारी सरकारी डाक त्या काळी खरोखरच याच वाटेने येत असे. ज्या बोगद्यातून मुंबईच्या लाटसाहेबांना फर्माने पोहोचली, त्याच बोगद्यातून आपण पैज जिंकावयास जावे, यात आम्हांस काही ऐतिहासिक औचित्य दिसत होते. मेहुण्यांस दिसले नाही. "दाजी, फर्मान लिहिणारा घरीच बसायचा, हे ध्यानात असू द्या," एवढे बोलून ते दशम्यांचा डबा काखोटीस मारून व्हिक्टोरियाच्या बसतळाकडे चालते झाले.

सेंट पँक्रस स्थानकावर फ्रान्सचा अंमल लंडनच्या मधोमध सुरू होतो. इंग्रज भूमीवर, इंग्रज छपराखाली, फ्रेंच अंमलदार आपल्या व्हिसाच्या परवान्याकडे असे काही पाहतो, की आपण गाडीत बसण्यास आलो नसून त्याच्या वडिलोपार्जित जमिनीवर दावा लावण्यास आलो आहोत असा आपल्यालाच संशय यावा. मोहोर उमटली की मनुष्य कायद्याने फ्रान्सात आणि देहाने लंडनात असतो, आणि या द्वैताचा निरास पुढे 1994 साली खुला झालेल्या, पन्नास किलोमीटर लांबीच्या त्या समुद्राखालच्या बोगद्यात होतो, जेथे पाहण्यासारखे काहीही नसल्यामुळे सर्व राष्ट्रांचे उतारू समभावाने डुलक्या घेतात.

पॅरिसात मात्र आगगाडीच्या वेगाची खरी किंमत कळते. उत्तरेकडील गाड्या गार द्यु नॉरला येतात, इटलीकडील गाड्या गार द लियोंवरून सुटतात, आणि ताशी तीनशे किलोमीटर वेगाने कमावलेला वेळ मनुष्य या दोन स्थानकांमधील भुयारी जिन्यांवर, पेटी गुडघ्याने ढकलीत, जिन्यागणिक खर्च करतो. पुढे माँ सनीचा तो पूज्य बोगदा आला तेव्हा आम्ही आदराने उठून उभे राहिलो. शेजारच्या फ्रेंच बाईने आम्हांस उतरावयाचे आहे असे समजून पाय आखडून घेतले. रात्र मिलानच्या एका खाणावळीत काढून पहाटेच्या गाडीने आम्ही दक्षिणेस निघालो. रिमिनीपासून पुढे एड्रियाटिक समुद्र लोहमार्गाच्या इतका निकट येतो, की काही ठिकाणी रूळ आणि लाट यांच्यामध्ये केवळ न्हाणाऱ्यांच्या छत्र्यांची रांग उरते. परंतु शर्यतीतील मनुष्याची दृष्टी समुद्राकडे नसते, ती घड्याळाकडे असते. दुपारी बारी बंदरात उतरून, मेहुणे अद्याप आल्प्सच्या पलीकडेच खोळंबले असतील अशा प्रसन्न कल्पनेने आम्ही धक्क्यावरील कचेरीत ग्रीसमधील पात्रास बंदराच्या बोटीचे तिकीट मागितले.

बोट सायंकाळी सुटते. आगगाडी ताशी तीनशेने आली काय आणि पन्नासने आली काय, बोट सायंकाळीच सुटते.

दुपारभर आम्ही संत निकोलसच्या मंदिरात बसलो. हा संत म्हणजेच नाताळच्या म्हाताऱ्याचा मूळ पुरुष. त्याच्या अस्थी बारीच्या खलाशांनी 1087 साली आशिया मायनरमधील मायरा गावाहून उचलून बोटीने येथे आणल्या. मालकाला न विचारता आणलेल्या मालाभोवती इतके सुंदर मंदिर उभे राहिल्याचे उदाहरण विरळाच. तेथून धक्क्यावर परतलो, तो मालमोटारींच्या रांगेआड, रात्रभर बसमध्ये निजून ताजेतवाने झालेले मेहुणे शेवटची दशमी सोलापुरी चटणीशी खात उभे! मिलानपर्यंत बस आणि पुढे आमच्यामागून सुटलेली गाडी, एवढ्या सामग्रीवर, खाणावळीचा एक पैसा न मोजता, ते त्याच बोटीस वेळेवर हजर झाले होते.

रात्री डेकवर ग्रीक व बल्गेरियन मालमोटारवाल्यांच्या घोरण्यात आम्हांस फॉगची पुन्हा आठवण झाली. पूर्वेकडे निघालेल्या फॉगास प्रदक्षिणेअखेर एक अख्खा दिवस नफा झाला होता. आम्हीही पूर्वेकडेच निघालो होतो. पण एक तास फ्रान्सच्या हद्दीत आणि दुसरा ग्रीसच्या हद्दीत, असे दोन तास आमच्याकडून जप्त झाले, त्याची पावती कोणी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पात्रासला उतरल्यावर खरी शर्यत सुरू झाली आणि तेथेच ती संपली. पात्रासहून अथेन्सला जाणारी जुनी मीटरगेज आगगाडी केव्हाच बंद झाली असून अथेन्सकडून येणारा नवा मार्ग एयिओ गावी थांबतो. म्हणजे आगगाडीच्या एकनिष्ठ भक्तासही प्रथम बसच्याच पाया पडावे लागते. एयिओपर्यंत बस आणि पुढे आगगाडी, असे ते व्रत आम्ही पाळले. मेहुणे थेट अथेन्सच्या बसमध्ये बसले. कोरिंथचा कालवा, ज्याच्या खणाईत मोठमोठे मनसुबे बुडाले आणि जो 1893 साली एकदाचा खुला झाला, तो आमच्या गाडीखालून डोळ्याची पापणी लवेपर्यंत निघून गेला. सिंटाग्मा चौकात पोहोचलो तेव्हा मेहुणे तिळाची कुलुरी चघळीत पार्लमेंटासमोरील पहारेकऱ्यांची बदली पाहत होते, आणि ती दुसऱ्यांदा पाहत आहोत असे त्यांनी आवर्जून सांगितले.

पंचांचा निकाल दूरध्वनीवरून एका वाक्यात मिळाला आणि तो मेहुण्यांच्या बाजूचा होता. वाचकांपैकी कोणास अशी शर्यत लावण्याची इच्छा झालीच, तर त्यांनी प्रथम बोटीची वेळ पाहावी, तिच्यापासून मागे मोजीत बाकीची तिकिटे काढावीत, आणि पंच शक्यतो स्वतःच्या माहेरचा नेमावा.