चान्स किती? इमारत किती मजली?

कोथरूडच्या एका वाचकांनी विचारलंय : चिरंजीवांना दहावीला सत्त्याण्णव टक्के, एसएटीत 1560, तबल्याच्या परीक्षा झाल्यात, वारीत पाणीही वाटलंय. हार्वर्डला चान्स किती?

साहेब, माहिती चुकीच्या माणसाची पाठवलीत. मुलाचं राहू द्या, स्वतःचं कळवा.

गुणांचं म्हणाल, तर हार्वर्डनेच कोर्टात सांगितलंय की एका वर्षी अमेरिकेतल्या सुमारे 26,000 अर्जदारांपैकी 8,000 हून अधिक जणांना शाळेत पैकीच्या पैकी होते. प्रवेश मिळाला साधारण 2,000 जणांना, त्यातही परदेशी मुलं आलीच. तिथे 1560 घेऊन जाणं म्हणजे निकालाच्या दिवशी चितळ्यांच्या दुकानात पेढे वाटायला जाणं.

आता कामाचे प्रश्न. तुम्ही स्वतः हार्वर्डचे पदवीधर आहात का? 2018 साली बॉस्टनच्या न्यायालयात हार्वर्डवर खटला उभा राहिला, तेव्हा कळलं की माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी तिघांत एकाला प्रवेश मिळतो. बाकीच्यांत शंभरी सहा. आता तर एकूणच शंभरी चारच्या आसपास उरलेत. म्हणजे तुम्ही फर्ग्युसनचा फॉर्म भरलात, त्या दिवशीच मुलाचं नुकसान झालं.

वल्ही मारतो का? प्रशिक्षकांनी हेरलेल्या खेळाडूंना शंभरी ऐंशीच्या वर प्रवेश मिळतो. तबला माळ्यावर टाका आणि नदीवरचा बोट क्लब गाठा. पण खरीच वल्ही मारा हो. लोरी लॉफलिन या अभिनेत्रीने आणि तिच्या नवऱ्याने पाच लाख डॉलर मोजून, कधीही नाव न वल्हवलेल्या दोन मुलींना कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात नौकापटू म्हणून घुसवलं. 2019 साली बिंग फुटलं. मुली व्यायामाच्या यंत्रावर बसून फोटो काढून आल्या होत्या, आईबाप तुरुंगात जाऊन आले.

आणि शेवटी, इमारत बांधाल का? हार्वर्डच्या त्याच खटल्यात तिथल्या एका अधिष्ठात्याचा ईमेल वाचला गेला. प्रवेश विभागाचे त्यात तोंडभरून आभार होते, कारण निवडलेल्यांपैकी एका नावामागे इमारतीचं आश्वासन आधीच आलेलं होतं. यात मराठी माणसाने दबून जाण्यासारखं काही नाही. आपल्याकडे 1983 पासून विनाअनुदानित कॉलेजं निघाली, डोनेशन घेऊ लागली आणि 1987 मध्ये आपण कायदा करून कॅपिटेशन फी बंद केली. (हसू नका, कायदा खरोखर आहे.) त्यांनी तसला कायदा केला नाही, दारावर देणगीदाराची पाटी लावली.

न्यू जर्सीतल्या भाचीचंही विचारलंत. तिची अडचण निराळी. त्याच खटल्यात दिसलं की हार्वर्डमध्ये आशियाई वंशाच्या मुलांना व्यक्तिमत्त्वाचे गुण कमी पडत. समोर बसवून मुलाखत घेणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना ती बरी वाटत, न भेटलेल्या प्रवेश कार्यालयाला मात्र त्यांच्यात काहीतरी कमी दिसे. 29 जून 2023 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेश देताना वंश पाहायला मनाई केली. वंशावळ पाहायला नाही.

अर्ज 1 जानेवारीपर्यंत जातो, उत्तर मार्चअखेर येतं. तुमच्याकडे पदवी नाही, वल्हं नाही, इमारत नाही. अर्ज जरूर करा, पण सीईटीचा फॉर्मही भरून ठेवा.