अंश ताजा, छेद शिळा

लसीकरणाच्या अहवालात अधूनमधून एखादा तालुका शंभर टक्क्यांच्या पुढे निघून जातो. म्हणजे जन्मलेल्यांना लस मिळालीच, न जन्मलेल्यांनाही चुकली नाही. कारण सोपे आहे: उद्दिष्ट २०११च्या जनगणनेवरून बेतलेले, बाळे मात्र यंदाची.

त्यात पहिलटकरीण माहेरी. बीसीजी माहेरच्या गावात, सहाव्या आठवड्याची पेंटा सासरच्या उपकेंद्रात. तिकडे बारसे व्हायचे होते म्हणून नोंद ‘बेबी ऑफ सुनीता’, इकडे आर्यन. फोन तिकडे मामाचा, इकडे बापाचा. एका बाळाची अशी दोन होतात. त्यातले एक कायमचे ‘अर्धवट लसीकृत’, आणि त्याला शोधत आशाताई उन्हातान्हात दारोदार.

यावर उतारा म्हणून २०२३ मध्ये यू-विन हे लसनोंदींचे सरकारी पोर्टल आले. रजिस्टर आहेच, माता-बाल संरक्षण कार्ड आहेच, टॅली शीटही आहेच. सिस्टरने एकच डोस चार ठिकाणी लिहायचा आणि चारही आकडे जुळले नाहीत की खुलासाही तिनेच द्यायचा. गावात रेंज नसेल तर एंट्री रात्री, घरी, भाकरी थापून झाल्यावर.

खरा उपाय स्वस्त आहे. जन्मनोंदणी आणि लसनोंद एकाच क्रमांकाने जोडा आणि जास्तीच्या वह्या मिटा. पण वही सुरू करायला एक परिपत्रक पुरते; बंद करायची तर सही कोणाची, यावर फाईल अजून फिरते आहे.